उजव्या डोळ्याचा दाखला

आमच्या लग्नातले फोटो आलेच नाहीत. रोल खराब निघाला, असं फोटोग्राफरनं सांगितलं आणि विषय संपला. त्यामुळे ह्यांचा तरुणपणीचा फोटो घरात एकच होता, ड्रायव्हिंग लायसनवरचा. लहान पुस्तकासारखं ते लायसन. आतल्या पानावर फोटो आणि फोटोच्या कोपऱ्यावर शिक्का, त्याची शाई पसरून गालापर्यंत आलेली. हे ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. सदरा धुवायला टाकताना मी आधी खिसा चाचपायचे.

हे चौथी शिकलेले, मी दहावी. बेल्ह्यापासून सात-आठ किलोमीटरवरच्या आमच्या गावात मी अंगणवाडी चालवायचे. घरचा एक टेम्पो होता. हे त्यातून नारायणगावला टोमॅटो न्यायचे, आळेफाट्याला कांदा न्यायचे आणि बेल्ह्याच्या बाजाराला बैल, कालवडी सोडायचे. उसाचा हंगाम सुरू झाला की टेम्पो धाकट्या दिराकडे देऊन स्वतः दुसऱ्याच्या ट्रकवर जायचे, पारगावच्या कारखान्याला ऊस ओढायला. गाडी चालवण्याशिवाय ह्यांना दुसरं काही येत नव्हतं. शेतात उभे राहिले तर पाहुण्यासारखे उभे राहायचे.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला, अशाच एका हंगामात, ह्यांचा उजवा डोळा गेला. ट्रक भरल्यावर उसावरून लोखंडी दोर आवळतात. तो आवळताना तुटला आणि त्याचं टोक भुवईखाली बसलं. रक्त फारसं आलं नाही. आठवडाभर डोळा सुजून बंद होता आणि सूज उतरली की दिसेल, असं सगळेच म्हणत होते. सूज उतरली, डोळा उघडला, बाहेरून पहिल्यासारखाच दिसायला लागला. पण आतला पडदा सुटला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, आठ दिवस आधी यायला हवं होतं. आता ह्या डोळ्याला उजेड-अंधार कळेल, बाकी काही नाही.

येताना एसटीत हे मला म्हणाले, "कुणाला सांगू नको."

"घरी?"

"घरीबी न्हाई. डावा धड हाय. मला गाडी दिसतीय."

मी कुणाला सांगितलं नाही.

भाड्याच्या गाडीचं लायसन तेव्हा दर तीन वर्षांनी नवं करून घ्यावं लागायचं आणि त्याला डॉक्टरचा दाखला लागायचा. त्या दाखल्यात दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा रकाना असतो. स्वतःपुरती मोटरसायकल फिरवणाऱ्याचं एकवेळ चालून जाईल, पण मालाची गाडी चालवणाऱ्याला दोन्ही डोळ्यांनी दिसलं पाहिजे, असा कायदा. हे आम्हाला ठाऊक होतं. ह्यांनी एका ओळखीच्या एजंटला दुसऱ्याच कुणाचं नाव करून विचारलं होतं. एजंट म्हणाला होता, त्या माणसाला सांगा, आता शेती कर.

मुदत संपायला महिना राहिला तेव्हा हे एका संध्याकाळी अंगणवाडीत आले. मुलं गेली होती, मी पाट्या गोळा करत होते. भिंतीवर मुळाक्षरांचे तक्ते लावलेले होते. हे त्या तक्त्यांसमोर उभे राहिले, हातानं डावा डोळा झाकला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"काय करताय?" मी विचारलं.

"डॉक्टरकडं असाच तक्ता असतो ना? अक्षरांचा?"

"असतो."

"तो पाठ करता येईल का?"

मी हो म्हणाले. असं काही करू नये, असं त्या वेळी माझ्या मनात आलं का, हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. आलं नव्हतं. मला वाटलं ते एवढंच, की हे काम मला जमेल.

दुसऱ्या दिवशी मी डोकेदुखीचं निमित्त करून दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर वयस्क होते, सरळ होते. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पुठ्ठ्यानं एकेक डोळा झाकला आणि छडी ठेवत एकेका ओळीतली अक्षरं वाचायला सांगितली. वर एक मोठं अक्षर, त्याखाली दोन, मग तीन, असं करत पाच ओळी. मी वाचली आणि वाचता वाचता ध्यानात ठेवली. बाहेर येऊन कागदावर उतरवली. प. ल र. न ग ट. म व ड स. ह त य ब ज. माझे डोळे उत्तम आहेत, असं डॉक्टर म्हणाले. डोकेदुखीवर त्यांनी गोळ्या दिल्या, त्या मी आणल्या आणि फळीवर ठेवल्या.

जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी तो तक्ता काढला आणि रोज मुलं गेल्यावर ह्यांना शिकवायला लागले. मुलांना कमळाचा क शिकवायचे तसं ह्यांना शिकवून काही होईना. दोन दिवसांनी ह्यांनी आपलीच रीत काढली. ज्या गावांना माल सोडला होता त्या गावांची नावं त्यांनी अक्षरांना लावली. प म्हणजे पारगाव. ल र म्हणजे लोणी, राजुरी. न ग ट म्हणजे नारायणगाव, गोळेगाव, टाकळी. मंचर, वडगाव, डिंभे, साकोरी. हिवरे, तांबे, येणेरे, बेल्हे, जुन्नर. हे डोळे मिटून ती गावं म्हणायचे आणि मी छडीनं अक्षर दाखवायचे.

पण डॉक्टरांनी ओळ सोडून मधलंच अक्षर विचारलं तर? तेव्हा मी मधलं कुठलंही अक्षर दाखवायला लागले. ह्यांना छडी अंधूकसुद्धा दिसत नव्हती. मग आम्ही आवाजावर आलो. डॉक्टर छडी पुठ्ठ्याच्या तक्त्यावर टेकवतात, त्याचा टक् असा आवाज होतो, वरच्या ओळीला वरून, खालच्या ओळीला खालून. तेही पुरेना. शेवटी मी म्हणाले, "डॉक्टर नुसती ओळ वाचायला सांगतील, मला तसंच सांगितलं व्हतं. मधलं विचारलं तर थोडं थांबा, डोळा चोळा, आणि म्हणा पाणी आलं. मग ते ओळच वाचायला सांगतील."

"आणि?"

"आणि शेवटच्या ओळीत एक अक्षर चुकवा. कुणी सगळं बरोबर वाचत न्हाई."

"कुठलं चुकवू?"

"येणेरे सोडून द्या."

हे हसले. त्या महिन्यात ते एवढं एकदाच हसले, म्हणून लक्षात आहे.

लायसनच्या अर्जात एक प्रश्न असतो. चांगल्या उजेडात, पंचवीस मीटरवरून, प्रत्येक डोळ्यानं मोटारीच्या नंबरप्लेटवरचे आकडे वाचता येतात का? अर्ज मीच भरला. त्या प्रश्नापुढे "होय" लिहिलं. ह्यांनी खाली सही केली. दवाखान्यात मी बाहेरच्या बाकावर बसले होते. दार अर्धवट उघडं होतं. आतून ह्यांचा आवाज येत होता, अंगणवाडीतल्या मुलासारखा, एकेक अक्षर सुटं. शेवटच्या ओळीला ह्यांनी य च्या जागी थ म्हटलं. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे. दाखल्यावर सही झाली. पुढे आरटीओच्या कॅम्पला आलेल्या साहेबांनी शिक्का मारला आणि लायसन तीन वर्षांसाठी पुढे गेलं.

त्यानंतर पावणेदोन वर्षं काही झालं नाही. ह्यांनी गाडी चालवण्याची पद्धत बदलली होती. मान सारखी उजवीकडे वळवायचे, पक्ष्यासारखी. वेग कमी केला होता. मी शेजारी बसले असले की "उजवीकडून मोटरसायकल", "उजवीकडून म्हैस" असं सांगायचे. सुरुवातीला त्यांना ते चालायचं. मग चालेनासं झालं. एकदा राजुरीच्या अलीकडे मी असंच काही म्हणाले तर त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"ड्रायव्हर मी हाय का तू?"

मी मांडीवरची पिशवी सावरली.

"मला दिसतंय. तू सांगतीस तवा मी दचकतो. दचकून गाडी ठोकायची एखाद्या दिवशी."

तेव्हापासून मी सांगायचं बंद केलं.

बेल्ह्याच्या बाजाराचा दिवस होता. मला जुन्नरला अंगणवाडीच्या मीटिंगला जायचं होतं. ह्यांनी सकाळी दोन बैल बाजारात उतरवले होते आणि मला आळेफाट्याला एसटीपर्यंत सोडणार होते. मांडीवर माझी रजिस्टरं होती. अकरा वाजले असतील. बाजाराच्या दिवशी त्या रस्त्याला टेम्पो, मोटरसायकली, माणसं, जनावरं सगळी एकातएक असतात, त्यामुळे गाडी माणसाच्या चालीनं चालली होती.

उजव्या बाजूला दोन टेम्पो उभे होते. त्यांच्या मधून एक म्हातारा बाहेर आला. पांढरा सदरा, टोपी. खांद्यावर नुसतं दावं होतं, त्याचं टोक मुठीत, जनावर नव्हतं. म्हणजे बैल विकला होता आणि दावं घेऊन घरी चालला होता. समोरच्या बाजूला एसटी लागली होती, तो तिच्याकडे बघत चालला होता. हे सगळं मी पाहिलं. ह्यांच्या खांद्यावरून मला तो पूर्ण दिसत होता. तोंडात शब्द आला होता. पण नुकतीच ह्यांनी मान वळवली होती, तर दिसला असेल, असं मला वाटलं. बोलले तर रागावतील, असंही वाटलं. ह्यात जेवढा वेळ गेला तेवढाच.

धक्का मोठा नव्हता. गाडीत बसलेल्याला खड्डा वाटला असता. तो माणूस मागे पडला आणि त्याचं डोकं रस्त्याच्या कडेच्या दगडावर आपटलं. हे खाली उतरले. मीही उतरले. माणसं जमली. कुणीतरी ह्यांची गचांडी धरली, कुणीतरी सोडवली. ह्यांनी त्या म्हाताऱ्याला उचललं, मागे टेम्पोत ठेवलं. बैलांसाठी टाकलेलं गवत तिथं तसंच होतं. मी मागे बसले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. गावातली दोन माणसं बरोबर आली. नारायणगावच्या दवाखान्यापर्यंत तो श्वास घेत होता. त्याच्या हातातलं दावं सुटत नव्हतं, म्हणून नर्सनं ते कात्रीनं कापलं.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात हवालदारानं ह्यांचं लायसन उघडून पाहिलं, तारीख पाहिली.

"लायसन चालू हाय. गाडीचे कागद बी बरोबर हायेत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही शेजारी व्हता. काय बघितलं?"

"माणूस अचानक आडवा आला," मी म्हणाले.

"ड्रायव्हरला दिसला न्हाई का?"

"अचानक आला."

त्यांनी ते लिहून घेतलं. मी सही केली. माझं अक्षर चांगलं आहे, सहीसुद्धा चांगली आली. दोन दिवसांनी आरटीओचे साहेब येऊन टेम्पो तपासून गेले. ब्रेक बरोबर, हॉर्न बरोबर, आरसे बरोबर. गाडीत दोष नाही, असा कागद झाला. ह्यांचे डोळे कुणी तपासले नाहीत. त्यांचा दाखला होता.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडी उघडली. मुलांची वजनं घ्यायचा दिवस होता. मी एकेकाला काट्याच्या झोळीत बसवलं, वजनं लिहिली. एक पोरगी रडत होती, तिला गप्प केलं. सगळी वजनं बरोबर लिहिली गेली होती, पुढच्या महिन्यात मी ती पाहिली.

म्हातारा तिसऱ्या दिवशी सकाळी गेला. हे जामिनावर सुटले होते आणि मला घेऊन दवाखान्यात गेले होते. जाऊ नका, लोक मारतील, असं दीर म्हणत होता. कुणी मारलं नाही. दवाखान्याच्या पायरीवर एक बाई बसली होती, त्या माणसाची बायको. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठी. तिचा मुलगा आत कागदपत्रं करत होता. आम्ही कोण, हे तिला कुणीतरी सांगितलं. मला वाटलं आता शिव्या देईल. तिनं ह्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाकीची लोकं पळून जात्यात. तुमी उचलून आणलं. तीन दिस तरी घावलं मला."

ह्यांनी हात जोडले. माझ्या तोंडून "हो" एवढंच निघालं. काय हो, ते मलाही कळलं नाही.

टेम्पो पोलिसांकडून सुटून आला तेव्हा तो धाकट्या दिरानं चालवत आणला. ह्यांनी नंतर त्याला हात लावला नाही. काही महिने दारात उभा होता, कोंबड्या खाली बसायच्या. मग तो विकला. हे शेतात जायला लागले. लोकांना वाटलं धसका घेतला. तसं होतंच, त्यामुळे काही सांगावं लागलं नाही.

जुन्नरच्या कोर्टात केस उभी राहिली. दुसरीकडे त्या म्हाताऱ्याच्या घरच्यांनी विमा कंपनीवर भरपाईचा दावा लावला. आमच्या वकिलांकडे आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी सगळे कागद टेबलावर पसरले.

"तुमचं नशीब, लायसन चालू आहे," ते म्हणाले. "लायसन बाद असतं, किंवा त्यात काही खोट निघाली असती, तर कंपनीनं हात वर केले असते. मग त्या बाईनं भरपाई घ्यायची कुणाकडून? तुमच्याकडून?"

ह्यांनी विचारलं, "खोट निघाली तर तिला काही मिळणार न्हाई?"

"वर्षानुवर्षं भांडत बसावं लागेल. पण खोट नाहीच ना?"

"न्हाई," हे म्हणाले.

बाहेर आल्यावर हे रसवंतीच्या बाकावर बसले. मी दोन ग्लास रस सांगितला. प्यायला कुणालाच नको होता, पण सांगितला. "मी सांगणार व्हतो," हे म्हणाले. "आज वकिलाला सांगायचं म्हणून आलो व्हतो." सांगा, असं मी म्हणाले नाही. सांगू नका, असंही म्हणाले नाही. रस संपवून आम्ही एसटीला गेलो.

त्यानंतर तारखाच तारखा. कधी साक्षीदार नाही, कधी साहेब रजेवर. आम्ही सकाळची गाडी धरायचो, कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसायचो, भाकरी खायचो, पुढची तारीख घेऊन परत यायचो. म्हाताऱ्याची बायको मुलाबरोबर यायची. लिंबाखाली सावली थोडी, त्यामुळे एकाच बाजूला बसावं लागायचं. तिनं एकदा मला शेंगदाण्याची चटणी दिली. मी तिला लोणचं दिलं. तिच्या सुनेला दिवस गेले होते. अंगणवाडीत काय काय मिळतं, हे तिनं मला विचारलं आणि मी ते सगळं नीट सांगितलं. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवा, लसीचं कार्ड जपून ठेवा. ती मान हलवत ऐकत होती.

मधल्या काळात लायसनची मुदत संपली. हे नवं करायला गेले नाहीत. 

तीन-साडेतीन वर्षांनी भरपाईच्या दाव्याचा निकाल लागला. कंपनीनं रक्कम भरली आणि ती त्या बाईच्या खात्यावर जमा झाली, असं वकिलांनी आम्हाला सांगितलं. ह्यांनी दोनदा विचारलं, "म्हंजे तिला मिळाली? हातात?" वकील म्हणाले, "मिळाली हो, आता ती कुणी परत घेत नाही. ते प्रकरण बंद."

फौजदारी केसमध्ये साक्षी झाल्या होत्या. कुणालाच नीट काही आठवत नव्हतं. एका पानवाल्यानं गाडी हळू होती असं सांगितलं. ह्यांची सुटका होणार, असं वकील म्हणत होते. शेवटी आरोपीचा जबाब असतो. न्यायाधीश एकेक मुद्दा विचारतात आणि आरोपी खरं, खोटं, माहीत नाही, असं सांगतो. ह्यांना वकिलांनी शिकवून ठेवलं होतं. मी मागच्या बाकावर होते. माझ्या पुढच्या बाकावर ती बाई आणि तिचा मुलगा.

न्यायाधीशांनी शेवटी विचारलं, "तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का?"

हे म्हणाले, "व्हय साहेब. मला उजव्या डोळ्यानं दिसत न्हाई."

वकील उठून उभे राहिले. न्यायाधीशांनी त्यांना हातानं बसायला सांगितलं.

"कधीपासून?"

"अपघाताच्या आधीपासून. तो माणूस उजवीकडून आला. मला दिसला न्हाई."

"तुमच्या लायसनला डॉक्टरांचा दाखला आहे. दोन्ही डोळे ठीक आहेत, असा."

"डॉक्टरांची चूक न्हाई. मी तक्ता पाठ केला व्हता."

"कुणी मदत केली?"

"कुणी न्हाई."

"तुम्ही शिकलेले किती?"

"चौथी."

"मग तक्त्यावरची अक्षरं तुम्हाला आधी कशी कळली?"

ह्यांनी सदऱ्याचा खिसा चाचपला. मग म्हणाले, "आधी एकदा गेलो व्हतो तवा डाव्या डोळ्यानं बघून ठिवली."

न्यायाधीश लिहून घेत राहिले. मी बसून होते. उठून बोलायला काही हरकत नव्हती. कुणी अडवलं नसतं. माझे पाय ठीक होते, गळा ठीक होता. मी समोरच्या बाकाच्या पाठीवर खिळ्यानं कोरलेली नावं वाचत बसले. पुढच्या बाकावरच्या बाईनं मागे वळून पाहिलं नाही. तिचा मुलगा मध्येच उठून बाहेर गेला.

सहा महिन्यांची शिक्षा झाली, दंड झाला. अपील करू, असं वकील म्हणाले. ह्यांनी नको म्हटलं. गावात लोक म्हणाले, वेडा माणूस, सुटला असता. दीर तर महिनाभर माझ्याशी बोलला नाही, जणू मीच ह्यांना बोलायला लावलं होतं. मी येरवड्याला दोनदा भेटायला गेले. जाळीपलीकडून हे बाजरीचं विचारायचे, आमची मुलगी तेव्हा बारावीला होती, तिचं विचारायचे. मी सांगायचे. मी कोर्टात का उठले नाही, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी माझं नाव का घेतलं नाही, हेही मी विचारलं नाही.

सुटून आल्यावर पंधरा दिवसांनी हे म्हणाले, "त्यांच्या गावाला जाऊन येऊ."

त्यांचं गाव आणे पठारावर. एसटी फाट्यावर सोडते, तिथून दोन किलोमीटर चालायचं. उन्हं तापली होती. घर सापडलं. अंगणात दोन वर्षांचं नातवंड फिरत होतं, अंगानं चांगलं होतं. बाईनं आम्हाला ओळखलं. बसा म्हणाली, पाणी दिलं, चहा ठेवला. मुलगा घरातच होता, त्याचा आवाज येत होता, पण तो बाहेर आला नाही.

चहा पिऊन झाल्यावर ती ह्यांना म्हणाली, "सुटत व्हता म्हनं तुमी. मंग कोर्टात बोलायची काय गरज व्हती?"

ह्यांनी कप खाली ठेवला. "आधी बोलायला पायजे व्हतं," ते म्हणाले. "तवा बोललो असतो तर तुमचं अडकलं असतं."

 नातवंड तिच्या पदराला येऊन लोंबकळलं, तिनं त्याला बाजूला केलं. मग माझ्याकडे पाहिलं. लिंबाखाली इतकी वर्षं बसलो, पण तिनं माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं.

"तुमाला ठावं व्हतं?" तिनं विचारलं. "डोळ्याचं?"

"हो," मी म्हणाले. "तक्ता मीच शिकवला. आणि त्या दिवशी तुमचे मालक मला दिसले व्हते. मी बोलले न्हाई."

हे माझ्याकडे बघत होते. दुसरी गोष्ट त्यांनाही आत्ताच कळत होती.

बाईनं तिन्ही कप उचलले, एकात एक घातले आणि आत गेली. आम्ही थांबलो. आत भांड्यांचा आवाज झाला, मग थांबला. मग मुलाचा आवाज चढला आणि तिनं त्याला गप्प केलेलं ऐकू आलं. ती बाहेर आली नाही. नातवंड थोडा वेळ आमच्यासमोर उभं राहिलं आणि मग तेही आत गेलं. पाव तास तरी आम्ही तसेच बसलो असू. मग हे उठले, मी उठले.

फाट्यापर्यंत आम्ही चालत आलो. हे पुढे, मी मागे. रस्त्यात एकदा हे थांबले, मला वाटलं काही बोलतील. पण त्यांच्या चपलेत खडा गेला होता. तो काढून ते पुन्हा चालायला लागले. फाट्यावर एसटीला अर्धा तास होता. तिथं पत्र्याची शेड होती, तिच्यात एक म्हातारी शेळी घेऊन बसली होती.

"कुठलं गाव, पावणं?" तिनं ह्यांना विचारलं.

ह्यांनी गावाचं नाव सांगितलं.

"कुणाकडं आला व्हता?"

ह्यांनी त्या घराकडे हात केला. ती आणखी काही विचारणार होती, तेवढ्यात शेळीनं दोरीला हिसका दिला आणि ती तिच्यामागे गेली. गाडी आली तेव्हा आत जागा होती. मी खिडकीशी बसले, हे शेजारी बसले. कंडक्टरनं दोन तिकिटं फाडून ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ती घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि बेल्हे येईपर्यंत आम्ही दोघंही समोर बघत बसलो.